शेवाळासाठी वेगळी जागा: सांगलीतल्या खाऱ्या टाकीच्या नोंदी

8 जानेवारी 2024

कोल्हापूरहून आणलेली माशांची खाऱ्या पाण्याची टाकी विश्रामबागेतल्या घरी आता नीट बसली. 4 फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. खालचा सम्प (फिल्टर आणि पंप ठेवायची वेगळी टाकी) धरून आणि दगड-वाळूने व्यापलेली जागा सोडून पाणी साधारण 250 लिटर. आधीच्या मालकांची बदली झाली म्हणून त्यांनी सगळा संसार उचलून दिला: 30 किलोच्या आसपास दगड, ऑसेलॅरिस क्लाऊनफिशची जोडी, पिवळ्या शेपटीचा एक डॅमसेल, झोअँथिड या फुलासारख्या तोंडांच्या छोट्या प्रवाळांच्या काही वसाहती, मशरूम कोरल आणि एक हातभर पसरलेलं लेदर कोरल. सगळी मऊ प्रवाळं. आपल्याकडे 2001 मध्ये सगळ्या कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलं, त्यामुळे आपल्या समुद्रातलं कठीण प्रवाळ घरात आणणं हा गुन्हा आहे. ते तसंच असायला हवं. मऊ प्रवाळांत आयुष्यभर पुरेल एवढं काम आहे.

टाकी सात-आठ वर्षं चालत आलेली. दगडांवर दोन-दोन बोटं लांब हिरवे केस वाढलेत. झोअँथिडची एक वसाहत त्यात बुडून गेलीय. तोंडं अर्धी मिटलेली. ती उघडी करायची, हे या वर्षाचं काम.

10 जानेवारी

आधी शेवाळ कुठलं ते पाहिलं. एक झुबका चिमट्याने उपटून पांढऱ्या बशीत पाण्यात पसरवला आणि भिंग लावलं. तंतू साधे, गुळगुळीत, कुठेकुठे फाटे फुटलेले. पिसासारखी रचना असती तर ते ब्रायॉप्सिस नावाचं शेवाळ ठरलं असतं. त्याच्यावर लोक फ्लुकोनॅझोल वापरतात, माणसांना बुरशीसाठी देतात तेच. इथे तो प्रश्न नाही. हे डर्बेशियासारखं साधं केसाळ शेवाळ आहे. तसंही औषधाने मारलेलं शेवाळ टाकीतच कुजतं आणि त्याने खाल्लेलं सगळं पुन्हा पाण्यात येतं. मला ते काचेच्या बाहेर काढायचंय.

पाण्याची तपासणी: खारटपणा 35, तापमान 26, अल्कॅलिनिटी 8.3 डीकेएच, कॅल्शियम 420, मॅग्नेशियम 1300. यात काही खोट नाही. नायट्रेट 25 पीपीएम (दहा लाख भागांत 25). हॅना चेकर या छोट्या मोजयंत्रावर फॉस्फरस 121 पीपीबी (अब्ज भागांत 121) आला. हा आकडा 3.066 ने गुणून हजाराने भागला की फॉस्फेट मिळतं: 0.37 पीपीएम. प्रवाळांच्या टाकीत 0.03 ते 0.1 च्या दरम्यान असलेलं बरं. म्हणजे वरच्या मर्यादेच्या जवळपास चौपट. आणि हे शेवाळाने आपला घास घेऊन झाल्यावर उरलेलं. पाण्यातला आकडा म्हणजे ताटात शिल्लक राहिलेलं अन्न. शेवाळाच्या पोटात किती गेलं ते कुठलाही किट सांगत नाही.

14 जानेवारी

पाणी कुठून येतं ते तपासलं. महापालिकेचं नळाचं पाणी, कृष्णेचं: टीडीएस (विरघळलेले क्षार) 260. बोअरचं 900 च्या वर, ते टाकीच्या जवळपासही नको. घरातल्या पिण्याच्या आरओचं 45. पिण्याच्या आरओत चवीसाठी थोडं कच्चं पाणी मुद्दाम मिसळलेलं असतं, त्यामुळे तेही इथे उपयोगाचं नाही. टाकीसाठी आरओचा वेगळा मेंब्रेन आणि त्यापुढे उरलेले क्षार धरणारं डीआय रेझिन आहे; त्यातून निघालेलं पाणी शून्य दाखवतं. मेंब्रेन बरंच काम करतो, पण नायट्रेट आणि सिलिकेटचा उरलेला अंश रेझिनच धरतं. रेझिन संपायला आलं की आधी सिलिकेट सुटतं आणि काचेवर डायटम या सूक्ष्म शेवाळाचा तपकिरी थर दिसू लागतो. इथे तपकिरी काही नाही. पाण्यावरचा संशय मिटला.

21 जानेवारी

उरले दगड. 10 लिटरच्या बादलीत नवं मिठाचं पाणी केलं, फॉस्फेट शून्य आलं हे बघून घेतलं. टाकीतला दोनेक किलोचा एक दगड ब्रशने घासून, शेवाळ काढून त्यात ठेवला. छोटा पॉवरहेड (पाणी फिरवणारा पंप) आणि हीटर. वर जाड कापड, म्हणजे उजेड नाही. मासा नाही, खाणं नाही. आठवडाभर असंच राहू द्यायचं.

28 जानेवारी

बादलीत 62 पीपीबी. म्हणजे 0.19 पीपीएम फॉस्फेट, आणि ते दगडाखेरीज दुसऱ्या कुठूनही येणं शक्य नाही.

हे दगड कॅल्शियम कार्बोनेटचे. त्यावर फॉस्फेट चिकटतं. पाण्यात फॉस्फेट जास्त असेल तेव्हा दगड ते धरून ठेवतो, पाण्यात कमी झालं की सोडतो. हरिपूरच्या पेवांत हळद भरून ठेवत, तसं या दगडांनी वर्षानुवर्षं फॉस्फेट भरून ठेवलंय. घरी कालवलेल्या समुद्री मिठाच्या पाण्याने कितीही वेळा पाणी बदललं तरी दोन-चार दिवसांत आकडा जागेवर का येतो, ते आता समोर दिसलं. पाणी स्वच्छ करून भागणार नाही, दगड रिकामे करायला हवेत, आणि तेही सावकाश. फॉस्फेट एकदम खाली आणलं तर प्रवाळंच उपाशी पडतात.

30 जानेवारी

हाताने उपसणं सुरू केलं. पद्धत साधी: एका हातात जुना टूथब्रश, त्याच्या दांड्याला बांधलेली बारीक सायफन नळी. ब्रशने घासलं की सुटलेले तंतू लगेच नळीत. नळीचं दुसरं टोक सम्पमधल्या फिल्टरच्या बारीक पिशवीत सोडलेलं. पिशवीत शेवाळ अडतं, पाणी सम्पमध्येच राहतं, त्यामुळे पाणी न घालवता हवा तेवढा वेळ काम करता येतं. पिशवी उचलून पिळली तेव्हा चांगली मूठभर ओली हिरवी लगदी निघाली. त्यातलं फॉस्फेट आता परत येणार नाही.

झोअँथिडच्या वसाहतीचा छोटा दगड बाहेर काढला. 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, मेडिकलमध्ये मिळतं ते, बारीक ब्रशने फक्त तंतूंच्या बुडाशी लावलं. तीनेक मिनिटं फेस येऊ दिला आणि टाकीच्याच पाण्यात खळखळून धुऊन परत ठेवला. लहान दगडासाठी हे चालतं. अख्ख्या टाकीत ओतायची ही गोष्ट नाही; कोळंबी ते सोसत नाही.

6 फेब्रुवारी

फेरिक ऑक्साइडचे फॉस्फेट शोषणारे दाणे रिॲक्टरमध्ये, म्हणजे पाणी फिरत राहणाऱ्या नळकांड्यात, लावले होते, नेहमीच्या मापाच्या निम्म्याने. आज 41 पीपीबी, म्हणजे 0.13. दाणे काढून घेतले. दगड काय करतात ते पाहायचंय.

15 फेब्रुवारी

83 पीपीबी, 0.25. दगडांनी भर घातली. दाण्यांनी हे काम होईल, पण दगड रिकामे होईपर्यंत महागडे दाणे बदलत राहावे लागतील. त्यापेक्षा जे शेवाळ इतक्या उत्साहाने फॉस्फेट खातंय, त्यालाच कामाला लावायचं. त्याला टाकीबाहेर जास्त चांगली जागा द्यायची: भरपूर उजेड, जोराचं पातळ वाहतं पाणी, धरायला खरबरीत जाळी. तिथे ते दगडावरच्या शेवाळापेक्षा जोरात वाढतं, आधी खातं, आणि आठवड्याला खरवडून फेकता येतं. स्मिथसोनियन संस्थेतले वॉल्टर एडी यांनी 1980 च्या आसपास प्रवाळ परिसंस्थेच्या टाक्यांसाठी ही पद्धत बसवली. समुद्रातल्या प्रवाळभिंतीवरही आखूड शेवाळाचा थर हेच काम करतो आणि मासे तो सतत कुरतडत असतात. घरात खरवडायचं काम आपलं.

20 फेब्रुवारी

सामान आणलं. गणपती पेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानात 1 इंची पीव्हीसी पाइप, एक एंड कॅप, एल्बो, बॉल व्हॉल्व्ह मागितला. दुकानदार काका म्हणाले, "एवढ्याशा तुकड्यात काय काम काढलंय साहेब?"

म्हटलं, "काका, माशांच्या टाकीला शेवाळ वाढवायचंय."

"वाढवायचंय? लोक शेवाळ काढायला ॲसिड नेतात ओ माझ्याकडनं."

मग त्यांना कागदावर काढून दाखवलं. पाइपला खालून चीर, चिरेत अडकवलेली जाळी, जाळीवरून दोन्ही बाजूंनी उतरणारं पाणी. काकांनी नीट पाहिलं आणि एक कामाची गोष्ट सांगितली: "कॅपला सोल्युशन लावू नका. नुसती दाबून बसवा. चिरेत घाण अडकणारच, कॅप निघाली पाहिजे धुवायला." तसंच केलं.

जाळी भरतकामाच्या सामानाच्या दुकानातून घेतली. लोकरीचं भरतकाम ज्यावर करतात ती चौकोनी भोकांची प्लास्टिकची शीट. कापडाची घेऊ नका, कुजते. लाल-निळ्या ग्रो लाइटचे दोन एलईडी, रोपांसाठी मिळतात ते. शेवाळाला 660 नॅनोमीटरच्या आसपासचा लाल उजेड मानवतो.

23 फेब्रुवारी

मापं कशी ठरवली ते लिहून ठेवतो, कारण सगळं यावरच आहे. नियम असा की रोज गोठवलेल्या खाण्याचा एक क्यूब जात असेल तर दोन्ही बाजूंनी उजेड पडणारी 12 चौरस इंच जाळी पुरे. माझं खाणं साधारण तेवढंच. पण मला दगडांतलं जुनंही ओढायचंय, म्हणून 6 इंच रुंद आणि उजेडात 5 इंच उंच, अशी 30 चौरस इंच घेतली. खूप मोठी जाळी घेतली तर शेवाळ सगळीकडे पातळ आणि दुबळं वाढतं.

जाळी खरबरीत करणं हे यातलं सगळ्यात कष्टाचं काम. गुळगुळीत प्लास्टिकवर शेवाळ धरतं, पण जाड झालं की पाण्याच्या जोराने अख्खा पापुद्रा सुटून पंपात जातो. म्हणून लाकडाच्या करवतीचं पातं घेऊन दोन्ही बाजूंनी उभं, आडवं, तिरकं ओढत राहिलो. तळहात फिरवला की टोचायला हवी आणि प्रत्येक चौकोनाच्या कडेला प्लास्टिकचे बारीक कुसळ उभे दिसायला हवेत. संध्याकाळ गेली. खाली जुनी चादर अंथरली होती, ती बाहेर नेऊन झटकली; प्लास्टिकचा भुगा टाकीत जाता कामा नये.

पाइपमधली चीर 6 इंच लांब, 3 मिलिमीटर रुंद. हॅक्सॉची दोन पाती एकत्र बांधून सुरुवात केली आणि कानशीने रुंदी सारखी केली. एका टोकाला चीर रुंद राहिली तर सगळं पाणी तिथूनच उतरतं आणि उरलेली जाळी कोरडी.

25 फेब्रुवारी

चालू केलं. पाणी किती हवं: जाळीच्या दर इंच रुंदीमागे तासाला 130 लिटरच्या आसपास. 6 इंचाला 800. पंपाच्या खोक्यावरचा आकडा उंची मोजून कमी होतो, म्हणून बादली लावून पाहिलं. 10 लिटर भरायला 45 सेकंद लागली पाहिजेत. व्हॉल्व्ह थोडा आवळला आणि 45 वर आणलं. दोन्ही बाजूंनी काचेसारखा अखंड पडदा उतरतोय.

उजेड रात्री 9 ते सकाळी 6. टाकीचे दिवे बंद असताना इथलं शेवाळ चालू राहिलं तर पाण्यातला कार्बन डायऑक्साइड रात्रीही वापरला जातो आणि सामू (पीएच) फार घसरत नाही.

10 मार्च

जाळीवर आधी तपकिरी साय आली, मग काळपट डाग. आता कडेने हिरवं. अशीच चाल असते. आज पहिल्यांदा जाळी काढून सिंकमध्ये नळाखाली धरली, जुन्या प्लास्टिक कार्डाने हलकं खरवडलं. बुडखे ठेवायचे, जाळी पांढरी करायची नाही. नळाचंच पाणी हवं, कारण शेवाळात राहणारे आणि त्यालाच खाणारे कोपेपॉड नावाचे बारीक जीव गोड्या पाण्यात मरतात. परत बसवताना मिठाच्या पाण्यात बुडवून घेतली. उजेड 14 तास केला.

24 मार्च

हिरवं, लांब, दाट. खरवडून पाणी निथळून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं: 110 ग्रॅम. आईने विचारलं, "अरे, हे कुंडीत घालू का?" म्हटलं, "आई, मिठाचं आहे ते. तीन पाण्यांतून काढ, मग कंपोस्टमध्ये टाक." तिने तसंच केलं.

फॉस्फेट 0.21, नायट्रेट 10. दगडावरचे केस अजून आहेत, पण रंग उतरलाय आणि ब्रश लावला की बुडापासून सुटतात. आधी नुसते तुटायचे.

आज लॉनमोअर ब्लेनी हा शेवाळ खाणारा मासा आणला आणि मोजक्या टर्बो गोगलगायी. हे आताच आणायचं कारण आहे. लांब केस यातला कुणीच खात नाही. बोटभर तंतू समोर असताना ब्लेनी उपाशी बारीक होत जातो. हाताने कापून आखूड केलं की मग तो दिवसभर दगडाला ओठ लावून किसत बसतो आणि गोगलगाय मागून साफ करत जाते. प्राणी काम टिकवतात, सुरू करून देत नाहीत.

14 एप्रिल

उन्हाळा. दुपारी हॉलमध्ये 38. टाकीवर दोन छोटे पंखे लावलेत. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं, 28 च्या वर जाऊ दिलं नाही. त्यापायी रोज 5-6 लिटर उडतं. उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागे राहतं, म्हणून भरपाई आरओ-डीआयचीच. महिन्याला दीडशेच्या वर लिटर नुसतं वरून ओतायचं असेल तर त्यात थोडीशीही घाण परवडत नाही, ती टाकीत साठतच जाते. सांगलीच्या उन्हाळ्यात शेवाळ वाढण्याचं हे एक मोठं कारण आहे आणि त्याकडे कुणी बघत नाही. रेझिन बदललं.

फॉस्फेट 0.16. नायट्रेट 2.

21 एप्रिल

नायट्रेट शून्य. वाळूवर उजव्या कोपऱ्यात जांभळट लाल थर, दुपारी त्यावर हवेचे बुडबुडे. बोटाने उचलला तर सलग पापुद्रा निघतो. सायनोबॅक्टेरिया, शेवाळ म्हणतात पण जीवाणू आहेत. दगड फॉस्फेट पुरवत राहतात, नायट्रेटला तसा साठा नाही, म्हणून ते आधी संपतं. जाळीवरचं शेवाळही पिवळं पडलं, कारण त्यालाही दोन्ही लागतं. समुद्रातल्या प्लवकांत नायट्रोजन आणि फॉस्फरसचं प्रमाण साधारण 16 ला 1 असतं; असं ठरावीक प्रमाण असतं ही कल्पना अल्फ्रेड रेडफील्ड यांनी 1934 मध्ये मांडली. टाकीला ते जसंच्या तसं लागू करायचं नसतं, पण एक संपलं की दुसरं उचललं जात नाही एवढं त्यातून घ्यायचं. आणि दोन्ही शून्यावर गेली की डायनोफ्लॅजलेट नावाचे सूक्ष्मजीव येतात. ते केसाळ शेवाळापेक्षा कितीतरी चिवट, काही जातींनी गोगलगायीही मरतात. शून्य आकडा बघून खूश व्हायचं नाही.

उपाय: जाळीचा उजेड 14 वरून 11 तास. माशांना खाणं थोडं वाढवलं. शुद्ध सोडियम नायट्रेट प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातून आणलं. 1 ग्रॅममध्ये 0.73 ग्रॅम नायट्रेट, म्हणजे 250 लिटरला जवळजवळ 3 पीपीएम. मी रोज पाव ग्रॅम विरघळवून घालतोय, एक दिवसाआड तपासतोय. लाल थर सायफनने ओढून घेतला आणि पॉवरहेडचं तोंड त्या कोपऱ्याकडे वळवलं.

12 मे

लाल थर गेला. नायट्रेट 4, फॉस्फेट 0.10. सोडियम नायट्रेट बंद.

काल वळवाने लाइट गेली ती चार तास. इन्व्हर्टरवर फक्त रिटर्न पंप (सम्पमधून पाणी वर टाकीत नेणारा) आणि एक पॉवरहेड ठेवलाय. जाळीचं पाणीही रिटर्नच्याच फाट्यावरून घेतलं, म्हणजे जाळी ओली राहते. उन्हाळ्यात ती वाळली की शेवाळ मरतं, आणि मेलेलं सगळं सम्पमध्ये.

26 मे

बादलीची परीक्षा पुन्हा घेतली. तोच दगड, तेवढंच पाणी, तेवढाच काळ अंधारात. 17 पीपीबी, म्हणजे 0.05. जानेवारीत 0.19 होतं. सगळ्यांत जास्त समाधान या आकड्याने दिलं, कारण टाकीतला आकडा खाण्याने, पाणी बदलण्याने हलतो. हा फक्त दगडाचा आहे.

16 जून

फॉस्फेट 0.06, नायट्रेट 5. दगडांवर जिथे केस होते तिथे कोरलाइन या कठीण, दगडाला चिकटणाऱ्या शेवाळाचे गुलाबी-जांभळे ठिपके धरलेत. झोअँथिडची ती वसाहत पूर्ण उघडी आहे आणि कडेने नवी तोंडं फुटलीत, हिरव्या मध्याभोवती केशरी झालर. मागच्या एका दगडाच्या बेचक्यात केस अजून आहेत. ब्लेनी तिथे पोहोचत नाही, ब्रश पोहोचतो.

पावसाळी हवेत पाणी कमी उडतं, त्यामुळे पंखे एकच. जाळीचा उजेड आता 9 तास, दर आठवड्याला 70-80 ग्रॅम निघतं. यापुढे रोजच्या खाण्याएवढंच ओढायचंय.

मिरजेतल्या एका मित्राला त्याच्या 2 फुटी टाकीसाठी हेच करायचंय. त्याला लिहून दिलं: रोज अर्धा क्यूब खाणं, तर जाळी 3 इंच रुंद, 3 इंच उंच; पाणी तासाला 400 लिटर, म्हणजे 10 लिटरची बादली दीड मिनिटात; चीर 3 मिलिमीटर; कॅपला सोल्युशन नको. जाळी लवकर धरावी म्हणून माझ्या खरवडलेल्या शेवाळातलं थोडं खाऱ्या पाण्यात घालून डब्यात ठेवलंय, रविवारी येऊन तो घेऊन जाईल.